त्या फॉर्ममध्ये 'आम्हा दोघांना' असं लिहायला जागाच नव्हती

मी पुण्यात एका आयटी कंपनीत स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमच्या मीटिंगा आणि कामाची पद्धत सांभाळते. टीममध्ये नऊ जण, आठ पुण्यात आणि एक जण कुडाळला. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आईच्या आजारपणामुळे गावी राहून काम करणारे, आणि कामाला एकदम चोख. जुलैत आमचं असं बिनसलं की स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये, ते 'नो अपडेट' एवढंच बोलून म्यूट व्हायचे.

सुरुवात माझ्याकडून झाली. सगळ्यांच्या देखत मी त्यांना म्हटलं, "कॅमेरा लावा ना, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." त्यांनी तो लावला नाही. पुढच्या रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या आढाव्याच्या मीटिंगमध्ये, मात्र स्टँडअपबद्दल म्हणाले, "ही मीटिंग टीमसाठी नाही, हजेरी घेण्यासाठी चालते." मला ते फार लागलं. मॅनेजर म्हणाले, एचआरला मध्यस्थी करायला सांग.

मी पोर्टल उघडलं. तिथे 'मध्यस्थी' हा शब्दच नाही. 'तक्रारदार' असा एक रकाना, 'कोणाविरुद्ध' असा दुसरा, आणि प्रकार निवडायला गैरवर्तन, भेदभाव, छळ, इतर. मी 'इतर' निवडलं आणि खालच्या चौकटीत स्पष्ट लिहिलं: माझी तक्रार नाही, आम्हा दोघांना कोणीतरी एकत्र बसवा. सबमिट केल्यावर मिनिटभरात कुडाळच्या सहकाऱ्यांना मेल गेला. 'तुमच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली आहे', खाली माझं नाव. चौकटीत मी जे लिहिलं होतं, त्यातलं एक अक्षरही त्या मेलमध्ये नव्हतं.

मी तासाभरात तक्रार मागे घ्यायला गेले, तर ते बटण बंद. हेल्पडेस्कला फोन केला. उत्तर मिळालं, "अधिकारी नेमला गेला की मागे घेता येईल." अधिकारी कधी नेमणार? "कळवू." चौथ्या दिवशी तेच, सातव्या दिवशी तेच. एकदा तर मला विचारलं, "तुमच्याकडे पुरावे आहेत का?" कशाचे पुरावे? तिकडे ते चॅटवर माझ्या प्रत्येक मेसेजला फक्त 'नोटेड' लिहीत होते, आणि जे बोलायचं ते मॅनेजरला सीसीत ठेवून मेलवर. आमच्या नऊ जणांच्या रेट्रोमध्ये कुणी तोंड उघडेना. जो बोलेल तो कुणाच्या तरी बाजूचा ठरेल अशी भीती. अधिकारी नेमला गेला सतराव्या दिवशी. ते सतरा दिवस आठवले की आजही माझा संताप होतो.

त्याआधीच, दहाव्या दिवशी, मी वाट बघणं सोडलं होतं. रविवारी सकाळी मराठीत मेसेज टाकला, "ऑफिसचं नाही, पाच मिनिटं बोलू का?" त्यांचाच फोन आला. व्हिडिओ नाही, साधा फोन. इंग्रजी मीटिंगमध्ये मी त्यांना सरळ नावाने हाक मारते. मराठीत तोंडातून आपोआप 'दादा' आलं. फॉर्ममध्ये मी काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, "सातला मी आईला इन्सुलिन देतो. पेन एका हातात, तिचा दंड दुसऱ्या हातात. त्यात कॅमेरा कसा लावू? आणि माझं नाव तुम्ही रोज शेवटी घेता, तोवर पंधरा मिनिटं संपलेली असतात."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शिकागोच्या क्लायंटला सकाळी साडेआठ सोयीचे म्हणून आम्ही संध्याकाळी सात धरले होते. कुडाळच्या घरात सातला काय चालू असतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता स्टँडअप पावणेसातला होतो, ते पहिले बोलतात आणि कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. स्क्रम गाइड या स्क्रमच्या मूळ नियमपुस्तिकेप्रमाणे डेली स्क्रम, म्हणजे आमचा स्टँडअप, काम करणाऱ्यांसाठीच असतो, स्क्रम मास्टरने तो चालवलाच पाहिजे असं नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तो तेच घेतात.

एक राहिलंच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे आपल्याकडची मीटिंग तासभर उशिरा सरकते. म्हणून वेळ ठरवण्याआधी ऑफिसातून काम करणाऱ्याला नाही, घरून काम करणाऱ्याला आधी विचारा. आणि खरोखर छळ किंवा धमकी असेल तर फोनवर मिटवायला जाऊ नका, तिथे लेखी तक्रारच करा. माझं म्हणणं फक्त रुसव्या-गैरसमजाच्या भांडणांबद्दल आहे. तिथे पोर्टलला हात लावण्याआधी फोन करा, आणि फॉर्म भरावाच लागला तर कोणाला काय मेल जाणार हे आधी विचारून घ्या.

'दोघांच्या संमतीने मध्यस्थी' असा पर्याय त्या यादीत टाका, असं मी एचआरला लेखी कळवलं आहे. खाली दादांनीही सही केली आहे. उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा पाठवणार आहोत.