भिशीची वही

मित्राला उसने दिले की पैसे जातात आणि मित्रही जातो, असं घरातली मोठी माणसं सांगायची. आमच्या बारा जणांची दोस्ती मात्र पैशानंच धरून ठेवली. म्हणजे भिशीनं.

२००४ साली सुरू केली. महिन्याला हजार रुपये, बारा डोकी, बारा हजार. पहिल्या रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जमायचं, समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा ग्लास तोंडाला लावायचा, मिशीचा फेस पुसायचा आणि चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाचं तरी बारकं पोर एक चिठ्ठी उचलायचं. भिशी लागेल त्यानं पुढच्या आठवड्यात सगळ्यांना तांबडा-पांढरा घालायचा. त्यामुळं श्रावणात नाव निघालं की मजा. गडी मिसळीवर सुटायचा. गुजरीतला आमचा दोस्त लागोपाठ दोन वर्षं श्रावणातच सुटला. त्याच्यावर अजून संशय आहे.

हिशोब सरळ. सुरुवातीला उचलली तर बिनव्याजी कर्ज, शेवटी मिळाली तर बचत. कागद नाही, सही नाही. उचलून झाल्यावर एखाद्यानं हप्ते बंद केले तर त्याचं काय वाकडं करणार? काहीच नाही. आणि चिठ्ठ्या तरी कितीदा खऱ्या असायच्या! रिक्षावाल्या दोस्ताच्या पोरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्या महिन्यात तो ग्लास हातात धरून नुसता चुळबुळ करत बसला होता. दूध निवून गेलं. चप्पल लाईनीतला म्हणाला, "ह्या खेपेला चिठ्ठ्या नकोत. घे की लेका, उचल." कशाला पाहिजेत हे कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

वही माझ्याकडं असायची. अक्षर बरं म्हणून दिली होती, आणि तिथंच मी माती खाल्ली. २०१८ मध्ये एकाचे तीन हप्ते थकले. तोवर हप्ता तीन हजारांवर गेला होता. मी त्याच्या नावापुढं तांबड्या शाईनं 'बाकी' लिहिलं. हिशोबाच्या वहीत बाकी तांबड्यानंच लिहितात, त्यात काय एवढं? पण ती वही कट्ट्यावर सगळ्यांच्या हातातनं फिरायची. पुढच्या रविवारी तो आला नाही. मग कळलं, रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरणारा हा गडी आता टाऊन हॉलच्या बागेत जातो. नऊ हजारांसाठी आमचं काही अडलं नव्हतं. मी फोनही केला नाही. म्हटलं, चूक त्याची, त्यानं करावा. असं वर्ष गेलं.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ५५ फुटांच्याही वर गेली. शाहूपुरीत माझ्या घरात पाणी शिरायला लागलं, तेव्हा फ्रीज माडीवर चढवायला जे आले त्यात तोही होता. कुणी बोलावलं, देव जाणे. जिन्याच्या मधल्या पायरीवर, फ्रीज खांद्यावर असताना त्यानं विचारलं, "वही कुठं हाय?"

"कपाटात. खालच्या कप्प्यात."

"मग राहू दे तिथंच."

हसू आवरेना. फ्रीज सुटता सुटता राहिला. पाणी उतरलं तेव्हा वहीचा लगदा झाला होता. नव्या वहीत सगळे बरोबरीत. दिवाळीत तो नऊ हजार मोजून देऊन गेला, ते मी कुठंच लिहिले नाहीत.

कोरोनात भिशी फोनवर गेली. टिंग वाजतं, हप्ता जमा. चिठ्ठीसुद्धा फोनच काढतो. बाकी कुणाचीच नाही, एवढी शिस्त आम्हाला जन्मात नव्हती. आणि गेल्या महिन्यात मार्केट यार्डातल्या आमच्या गुळाच्या अडत्याची अँजिओप्लास्टी झाली, ती आम्हाला आठ दिवसांनी कळली. त्याचा हप्ता दवाखान्यातनं वेळेवर आला होता.

आता ठरलंय, पुन्हा रोख, पुन्हा कट्टा. अडत्याला डॉक्टरांनी साईचं दूध बंद केलंय, तो नुसता आमच्या मिशा बघत बसणार. अडचण एकच. चिठ्ठी उचलायला आमच्यात बारकं पोर उरलेलं नाही. सगळी पुण्याला, नाहीतर बंगळूरला. रिक्षावाल्याची इंजिनिअर पोरगी दोन वर्षांचं लेकरू घेऊन मे महिन्यात येणार आहे. तोवर म्हैसवाल्याच्या पोराला विचारून बघू.