खिडकीतलं डोकं

चष्म्याच्या दुकानात माणूस जितका आज्ञाधारक होतो तितका देवळातही होत नसावा. हनुवटी टेकवा म्हटलं की टेकवायची, वर बघा म्हटलं की वर बघायचं. मग तो प्रश्न येतो : ‘आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?’ मला दोन्ही सारखंच दिसत असतं. पण समोरच्याची एवढी खटपट वाया कशी घालवायची? ‘आधीचं,’ म्हणून मी मोकळी होते.

ही परीक्षा तशी अलीकडची. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेनचा अक्षरांचा तक्ता १८६२चा, भिंगाचा नंबर ज्यात मोजतात ते डायॉप्टरचं माप १८७२चं. त्याआधी गिऱ्हाईक एकेक चष्मा नाकावर चढवून बघायचं आणि ज्यातून वाचता येईल तो घेऊन घरी जायचं. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत दारोदार चष्मे विकणाऱ्यांमध्ये ज्यू फेरीवाले होते. माल हलका, पेटीत मावणारा, न नासणारा. शिवाय वय कुणाला चुकलंय?

आयर्लंडमधल्या डब्लिनचे मॉरिस सॉलोमन्स मात्र पेटीवाले नव्हेत, चांगले पेढीवाले. जन्म १८३२चा, धर्मानं ज्यू, दुकान १९, नॅसॉ स्ट्रीट. रस्त्यापलीकडे ट्रिनिटी कॉलेज. चष्मेवाल्यासमोर कॉलेज म्हणजे शाळेच्या फाटकाशी बोरं-चिंचांची पाटी! वर हे गृहस्थ ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचे तिथले मानद वकील, कोर्टातले नव्हेत, वकिलातीतले. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सम्राटाची मोहोर, असं चित्र मी मनाशी रंगवते.

या माणसाला आयरिश लेखक जेम्स जॉइसनं आपल्या ‘युलिसिस’ या कादंबरीत घेतलं. घेतलं म्हणजे किती? एका वाक्यापुरतं. १६ जून १९०४ची दुपार, आयर्लंडच्या ब्रिटिश व्हाइसरॉयच्या घोडागाड्या शहरातून चालल्या आहेत. कॅशेल बॉइल ओ’कॉनर फिट्झमॉरिस टिस्डॉल फॅरेल (एवढं लांब नाव धारण करणारा विक्षिप्त इसम) आपला एकडोळी चष्मा रोखून, गाड्यांच्या वरून, उपवकिलातीच्या खिडकीतलं श्रीयुत एम. ई. सॉलोमन्स यांचं डोकं न्याहाळतो. संपलं. बहात्तरीला आलेल्या माणसाच्या वाट्याला पुस्तकात फक्त डोकं आलं.

आणि ते चष्मे विकतात, हे जॉइस सांगतच नाही. चष्म्यातून चष्मेवाल्याकडे बघणं चाललंय ही गंमत ज्याला ते दुकान ठाऊक त्यालाच कळावी, बाकीच्यांनी पुढे जावं. मला हा खवचटपणा आवडतो. जॉइसच्या स्वतःच्या डोळ्यांचे हाल बघता तर जास्तच. पुढच्या आयुष्यात दहाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या त्यांच्यावर. कादंबरी पुस्तकरूपात आली १९२२मध्ये आणि सॉलोमन्सही त्याच वर्षी गेले.

मुलांनी बापापेक्षा जास्त गाजवलं. बेथेल आयर्लंडकडून दहा आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला आणि पुढे रोटंडा या डब्लिनच्या नामांकित प्रसूतिगृहाचा प्रमुख झाला. एस्टेला चित्रकार, व्यक्तिचित्रं रंगवायची आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या बंडखोरांना आसराही द्यायची. साम्राज्याच्या वकिलाच्या घरात हे!

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम हा ज्यू बापाचा मुलगा. त्याच दिवशी, नॅसॉ स्ट्रीटच्याच कोपऱ्यावर तो दुर्बिणींच्या किमती बघत उभा राहतो. जुनी दुर्बीण नीट करून घ्यायला हवी, हेही मनात आहे. गर्त्स कंपनीची भिंगं सहा गिनींना. जर्मन लोक सगळीकडे हातपाय पसरतायत, असं पुटपुटतो. पण खिडकी कुणाची? येट्स अँड सन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची. चार पावलं पुढे गेला असता तर सॉलोमन्सनी त्याला आत बसवून घेतलं असतं, घासाघीस झाली असती, सहाच्या साडेपाच गिनी नक्की झाल्या असत्या. अर्थात ब्लूमनं तरीही काही घेतलं नसतं. तो नुसत्या किमती बघणाऱ्यांतला.