ताप होता, संसर्ग नव्हता

एप्रिलमधली दुपार. सोलापुरात या दिवसांत तापाची मुलं रांगेने येतात, त्यातलाच हा एक. अडीच वर्षांचा मुलगा, पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. अंगात 104 ताप आणि कातडी कोरडी ठणठणीत. जिभेचं टोक चावून गेलेलं, दोन बोटांची टोकं झिजलेली, डावा घोटा सुजलेला, आणि त्याच पायावर तो खुशाल उभा. एक्स-रेत जुनं, वेडंवाकडं जुळलेलं फ्रॅक्चर. रक्त घेताना त्याने हातसुद्धा मागे ओढला नाही. "कधी रडतच नाही ओ डॉक्टर, लई गुणाचं पोरगं हाय," आजी कौतुकाने सांगत होत्या.

आधीच्या फाइलमध्ये अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक. रक्ताच्या कल्चरमध्ये मात्र दर वेळी काहीच वाढलेलं नाही. ताप उन्हाळ्यातच येतो, पॅरासिटामॉलने हलत नाही आणि ओल्या फडक्याने उतरतो, ही एक ओळ कुणीतरी आईला विचारून लिहायला हवी होती. नसांच्या तपासणीवर "एनसीव्ही नॉर्मल" असा शेरा होता आणि तिथेच विषय संपवलेला. एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ही तपासणी, जाड तंतू मोजते. वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत.

पुढच्या दोन तपासण्या स्वस्त आहेत, पण घाईत हमखास बिघडतात. घामासाठी पोव्हिडोन-आयोडीन लावून ते पूर्ण वाळू द्यायचं आणि मग कोरडा स्टार्च भुरभुरवायचा. जिथे घाम येतो तिथे निळं-काळं होतं. आयोडीन किंचित ओलं राहिलं तरी स्टार्च घामाविनाच काळा पडतो. म्हणून शेजारी आईच्या हातावरही तोच पट्टा घ्यायचा. आईचा पट्टा काही मिनिटांत काळा झाला, मुलाचा तपकिरीच राहिला. दुसरी तपासणी हिस्टामिनची. टोचलेल्या जागी फुगवटा येतो आणि भोवती लाली पसरते. ही लाली बारीक तंतू पसरवतात. इथे फुगवटा आला, लाली नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे भरपूर उजेड आणि आईशी तुलना हवीच. शिवाय सर्दीसाठी दिलेलं सेटिरिझिन (ते हिस्टामिनलाच रोखतं) काही दिवस आधी बंद केलेलं नसेल, तर या तपासणीला अर्थ नाही.

वेदना नाही, घाम नाही (म्हणूनच उन्हाळ्यात अंग तापतं), पण स्पर्श कळतो, आणि तोल गेलाच तर तो मोडलेल्या पायामुळे. इतकं नेमकं नुकसान का, याचं उत्तर प्रथिनांच्या ओळखीत आहे. गर्भात वेदनेच्या आणि सिंपॅथेटिक (घामग्रंथींना चालवणाऱ्या) चेतापेशी जगतात त्या एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, या प्रथिनावर. त्याचा ग्राहक, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर त्याला धरणारा रिसेप्टर, ट्रॅक-ए. एनजीएफसारखीच आणखी तीन प्रथिनं आहेत: बीडीएनएफ आणि एनटी-4 ट्रॅक-बी ओळखतात, एनटी-3 मुख्यतः ट्रॅक-सी. सांध्यांची स्थिती सांगणारे जाड तंतू एनटी-3 वर वाढतात, म्हणून ते शाबूत. पी-75 हा आणखी एक ग्राहक चौघांनाही धरतो.

चारही प्रथिनं एकमेकांची भावंडं शोभावीत अशी, मग ट्रॅक-ए एनजीएफलाच कसं निवडतो? एनजीएफचे दोन सारखे रेणू जोडीने असतात. 1999 मध्ये या जोडीची ट्रॅक-एच्या पाचव्या भागाशी, म्हणजे डी-5 शी, बांधलेली रचना स्फटिकातून दिसली. पकड दोन जागी आहे. एक जोडीच्या मधल्या पट्ट्यांवर, जिथे 103 क्रमांकाचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल महत्त्वाचं. हा भाग चौघांतही जवळपास तोच, त्यामुळे त्यावरून ओळख पटत नाही. ओळख पटते ती एनजीएफच्या सुरुवातीच्या टोकाशी. एरवी सैल लोंबणारं हे टोक डी-5 ला भिडलं की छोट्या मळसूत्रासारखं वळतं आणि सहाव्या जागेवरचं आयसोल्युसिन एका तेलकट खोबणीत बसतं. हे टोक प्रत्येक भावंडात वेगळं. ते छाटलं की एनजीएफची ट्रॅक-एवरची पकड कित्येक पटींनी ढिली होते.

मुलाच्या जनुकीय अहवालात एनटीआरके1 मध्ये, म्हणजे ट्रॅक-एच्या जनुकात, डी-5 मधला बदल निघाला, दोन्ही प्रतींत. आईवडील आते-मामेभावंडं. अहवालात फक्त "महत्त्व अनिश्चित" असं लिहून सोडलंय. हा बदल पकडीच्या जागेवर आहे, की त्याने डी-5 ची घडीच बिघडून ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर पोचत नाही, याचा शब्दही नाही. मी अजून त्याच प्रश्नावर अडलोय.

"ते प्रथिन बाहेरून देता येईल का?" वडिलांनी नेमकं विचारलं. एनजीएफचे डोळ्याचे थेंब 2018 पासून अमेरिकेत मंजूर आहेत, पण इथे प्रथिन चांगलं आहे, ग्राहक नादुरुस्त. आणि ज्या पेशींना ते हवं होतं, त्या जन्माआधीच गेल्या. स्वीडनमधल्या एका कुटुंबात उलट प्रकार आढळला. तिथे एनजीएफमध्येच 100 व्या जागेवर आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन आहे. ट्रॅक-एशी पकड बरीचशी टिकते, पी-75 शी सुटते. त्यांची खोल वेदना जाते, पण घाम बहुतांशी येतो.

सध्या मुलाच्या अंगात ओला सुती सदरा, खोलीत कूलर. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो. दुपारी बारा ते चार घराबाहेर नाही. दातांच्या धारा घासून घेतल्यात. पाय, डोळे, तोंड रोज रात्री आजी तपासतात. आईवडिलांचे रक्तनमुने गेलेत. दोघांकडे एकेक प्रत निघाली, तर पुढच्या प्रत्येक गर्भात धोका 25 टक्के, आणि तपासणी 11 व्या आठवड्यापासून करता येईल.