लांबी नाही, कोन नाही, मग ही भूमिती कसली?

‘सिंप्लेक्टिक भूमितीत लांबी मोजत नाहीत, कोनही नाही, मग मोजता काय, आणि त्याचा गतीशी संबंध काय?’ हे हमखास विचारलं जातं. मोजतो ते क्षेत्रफळ, पण चिन्हासकट.

स्प्रिंगला बांधलेलं वजन घ्या. वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांकही १. आडव्या अक्षावर स्थान क्ष, उभ्यावर संवेग प. या प्रतलातला एक बिंदू म्हणजे वजनाची त्या क्षणीची पूर्ण अवस्था. (अ, ब) आणि (क, ड) या सदिशांचं क्षेत्रफळ, म्हणजे त्यांच्यावर बनणाऱ्या समांतरभुज चौकोनाचं, अड − बक. सदिशांची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं, म्हणून कुठल्याही सदिशाचं स्वतःशी क्षेत्रफळ शून्य. लांबी मिळत नाही ती यामुळेच. पण खरी गंमतही इथेच आहे. ऊर्जेवरून अवस्था कशी बदलेल ते सांगणाऱ्या हॅमिल्टनच्या समीकरणांनुसार गतीच्या सदिशाचं कुठल्याही दिशेशी क्षेत्रफळ म्हणजे त्या दिशेने ऊर्जेत होणारा बदल. आता ती दिशा गतीचीच घ्या. उत्तर शून्य! ऊर्जा टिकते ती अशी, फुकटात.

संगणकावर हे जास्त झोंबतं. गती छोट्या छोट्या पायऱ्यांनी काढायची साधी ऑयलर पद्धत, वेळेची पायरी ०.१: नवा क्ष = क्ष + ०.१प, नवा प = प − ०.१क्ष, उजवीकडे दोन्ही जुन्याच किमती. निश्चयक, म्हणजे एका पायरीत क्षेत्रफळ किती पट होतं तो आकडा, १.०१ येतो. दर पायरीला क्षेत्रफळ आणि ऊर्जा एक टक्क्याने फुगतात. १०० पायऱ्यांत ऊर्जा सुमारे २.७ पट. आता प आधी काढा आणि क्ष काढताना हा नवा प वापरा. निश्चयक बरोबर १. ऊर्जा सुमारे ५ टक्के वरखाली होते, पण वाहवत जात नाही, कारण क्ष² + प² − ०.१क्षप ही राशी अचूक टिकते. कोडमध्ये दोन ओळींचा क्रम बदलला, बस्स. मात्र पायरी दर वेळी सोयीनुसार लहानमोठी करू लागलात तर हा फायदा बहुधा हातचा जातो. घर्षण असेल तर क्षेत्रफळ खरोखरच आटत जातं. तिथे ते टिकवायचा हट्ट चुकीचा.

‘म्हणजे घनफळ टिकतं, एवढंच ना?’ नाही. दोन कण घेतले की चार मिती होतात: क्ष१, प१, क्ष२, प२. या चार मितींतला अवस्थांचा चेंडू घनफळ राखून हवा तेवढा बारीक ओढता येतो. पण गणितज्ञ मिखाईल ग्रोमोव्ह यांनी १९८५ साली दाखवलं, की क्ष१-प१ प्रतलात ज्याची त्रिज्या चेंडूहून लहान आहे अशा नळकांड्यात तो सिंप्लेक्टिक रूपांतराने (दोन्ही क्ष-प प्रतलांतल्या चिन्हासकट क्षेत्रफळांची बेरीज राखणाऱ्या) शिरतच नाही, मग नळकांडं बाकीच्या दिशांना अनंत लांब का असेना. तीच त्रिज्या क्ष१-क्ष२ प्रतलात असेल तर खुशाल शिरतो: दोन्ही स्थानं आकसायची, दोन्ही संवेग तितकेच ताणायचे.