आबांची दुनळी नावावर करताना

सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरं केळीत शिरली की उभा बाग नासवतात. त्यासाठीच आबांनी बारा बोअरची दुनळी बंदूक ठेवली होती. आबा गेले. तेराव्याची पाहुणेमंडळी परतली आणि काकांनी मला बाजूला घेतलं. "परवाना त्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्यासंगे गेला. बंदूक आता घरात ठेवू नको."

काकांचं खरं होतं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारक वारला की वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे विनाविलंब जमा करायचं असतं. बरीच घरं इथंच चुकतात. नाव लागेपर्यंत राहू दे कपाटात, असं म्हणतात आणि बेकायदा हत्यार बाळगल्याचं लफडं मागे लावून घेतात.

आम्ही जळगावच्या दुकानदाराकडे जमा केली. पावतीवर बंदुकीचा नंबर, नळ्यांची स्थिती, काडतुसांची संख्या, सगळं लिहून घेतलं. काडतुसांची संख्या लोक विसरतात, आणि परवान्यावरच्या खरेदीच्या नोंदीशी तीच जुळवून पाहिली जाते.

आबांच्या पत्र्याच्या डब्यात काही काडतुसं कागदी नळीची, फार जुनी होती. बुडाच्या पितळेवर हिरवा गंज चढलेला, कागद ओल धरून फुगलेला. दुकानदाराने त्यातलं एक चिमटीत धरून दाखवलं, "हे नळीत अर्ध्यावर अडकेल. जोर लावून बसवायला जातात आणि हात गमावतात." तशी सगळी त्यांनी वेगळी काढली आणि पावतीवर 'वापरण्यास अयोग्य' असा शेरा मारला.

डब्यात उडवून झालेल्या काडतुसांची रिकामी कवचंही होती. गावातला एक जण म्हणाला होता, फेकू नका भाऊ, भरून देणारा माणूस आहे. मी दुकानदाराला विचारलं. उत्तर न देता त्यांनी आतून एक जुनी नळी आणून टेबलावर ठेवली. मागच्या बाजूला ती केळीच्या सालीसारखी फाटून उलटली होती. बंदुकीची काळी दारू आणि बिनधुराची दारू मापाने सारखी भरली तरी जोर सारखा नसतो. काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची भरली की नळी तो दाब सोसत नाही. घाईत दारू दोनदा पडली तरी तेच. शिवाय काडतुसं बनवायचा परवाना वेगळा असतो. बंदुकीच्या परवान्यावर ते काम करता येत नाही. रिकामी कवचं मी तिथेच सोडली. ज्याच्या घरात पोरंबाळं आहेत त्याने तर या फंदात पडूच नये.

कागदपत्रांचं काम चिकाटीचं. मृत्यूचा दाखला, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बाकीच्या वारसांचं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र. ताई सही करायला सुरतेहून आली. मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज आणि पोलिसांची पडताळणी. सातबाऱ्यावर आबांचं नाव एक आणि आधारवर थोडं वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर फाईल तिथंच अडते.

परवाना मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. नवीन काडतुसं दुकानातूनच घेतली, परवान्यावर नोंद करून. आणि एक लक्षात असू द्या: बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. तिच्यासाठी वनखात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आमचा तो अर्ज आता वनखात्यात आहे.