माझा अनुभव : नाला खसऱ्यावर बसवताना

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून नागपुरात प्लॉट घेणारा, विकणारा, नाली बांधणारा प्रत्येकजण विचारतो, ‘हा ले-आउट नाल्यात तर येत नाही ना?’ याचं उत्तर नकाशावर मिळतं. त्यासाठी सॅटेलाइटचं चित्र, नाला आणि खसऱ्यांच्या (सर्व्हे नंबरांच्या) हद्दी एकावर एक नेमक्या बसाव्या लागतात. पावसाळी नाली कुठून न्यायची हे ठरवण्यासाठी आम्ही एका मौजाचं (महसुली गावाचं) हे काम केलं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायलाही अवघड नाही. गाडी अडली ती गाव नकाशाच्या कागदापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सरकारी कार्यालयात गाव नकाशाची मूळ शीट होती, मोठी आणि सुस्थितीत. आम्हाला मिळाले ते ए-थ्री झेरॉक्सचे तुकडे, सेलोटेपने जोडलेले, वर गोल शिक्का, तोही खसरा नंबरांवर. स्कॅन मागितलं की ‘तशी पद्धत नाही’ हे एकच उत्तर. असला कागद फाइलला लावायला चालतो, मोजमापाला नाही.

शीटचं प्रमाण १६ इंचांस १ मैल, म्हणजे १:३९६०. कागदावरचा १ मिमी जमिनीवर जवळजवळ ४ मीटर. झेरॉक्समध्ये चित्र एका दिशेने किंचित ताणलं जातं. ६० सेंमी लांबीत अर्धा टक्का ताण धरला तरी ३ मिमी, म्हणजे १२ मीटर. ताण सगळीकडे सारखा असेल तर जिओरेफरन्सरमधली (क्यूजीआयएसमधलं, स्कॅन खऱ्या जागेवर बसवायचं साधन) ‘पॉलिनोमियल १’ ही पद्धत तो सावरून घेते. सांध्यावरची चूक मात्र तिला सावरता येत नाही. आमचा नाला नेमका सांध्यावरून जात होता आणि खालच्या तुकड्यात काठाची रेघ ४ मिमी बाजूला निघत होती. १६ मीटर! तीस बाय पन्नासच्या प्लॉटची अख्खी रांग त्या पट्ट्यात बसते. ही रांग नाल्यात की नाल्याबाहेर, हे सेलोटेप लावणाऱ्याच्या हातावर ठरावं का?

म्हणून अर्जात मोघम काही लिहू नका. ‘मूळ शीटचं अखंड रंगीत स्कॅन, ४०० डीपीआय, टिफ फाइल, घडी न घालता’ असं लिहा, लागेल ते शुल्क भरू हेही लिहा, आणि पोच घ्या. आमचं काम शेवटी अशाच अर्जाने झालं. फाइल उघडल्यावर नाल्याचा काठ सलग दिसला तेव्हा हायसं वाटलं. तुकडेच हाती आले तर जोड सोडवून प्रत्येक तुकडा वेगळा स्कॅन करा आणि स्वतंत्रपणे बसवा.

स्कॅन सॅटेलाइटच्या चित्रावर बसवताना जुळवणीचे बिंदू म्हणून रस्त्याचे कोपरे घेऊ नका, रुंदीकरणात ते सरकलेले असतात. जुनी विहीर, तलावाच्या पाळीचं टोक, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, पांधण (शेतरस्ता) रेल्वे लाइन ओलांडते ती जागा, हे भरवशाचे. असे १०-१२ बिंदू चारही कोपऱ्यांत पसरून घ्या आणि २ तपासणीसाठी बाजूला ठेवा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही दुसरी पद्धत निवडली की चूक शून्य दिसते, कारण ती नकाशा ओढून प्रत्येक बिंदूवर बसवतेच. त्या शून्यावर जाऊ नका. बाजूला ठेवलेले बिंदू किती चुकतात ते पाहा. ४ मीटरच्या आत आलं की पुरे. एवढ्यावर दोन शेजाऱ्यांच्या धुऱ्याचा वाद मात्र सोडवू नये, त्याला मोजणीच लागते.

आधी सांगायचं राहिलं. नागपूर यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत) ४४ उत्तर झोनमध्ये येतं, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोड ईपीएसजी ३२६४४. पुण्या-मुंबईकडची मंडळी सवयीने ४३ लावतात. कॅडच्या (संगणकावरच्या ड्रॉइंगच्या) फाइलीसोबत झोनची माहिती येत नाही, आणि ४३ लावला की नागपूर थेट गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन पडतं. तो घोळ निदान लगेच दिसतो.

जमिनीचा उतार पाहायचं काम पटकन झालं, पण दर ३० मीटरला एकच उंची देणाऱ्या फुकट उंची-डेटावर नालीची लेव्हल काढू नका. दाट वस्तीत त्यात छपरांची उंची मिसळते, आणि रेल्वेचा भराव धरणासारखा आडवा येऊन पाणी तिथेच तुंबलेलं दाखवतो. पुलाखालच्या मोऱ्या जागेवर पाहून डेटात हाताने नोंदवाव्या लागतात. कोणत्या बाजूला उतार आहे एवढं त्यातून कळतं. पुढे लेव्हल मशीन लावा.

बैठकीला नेताना नकाशावर मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि ख.नं. (खसरा नंबर) ठळक छापा. निळी पूररेषा (२५ वर्षांतून एकदाच्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांची) वेगळ्या लेयरवर ठेवा. समोरचे अधिकारी अक्षांश-रेखांश वाचत नाहीत, खसरा शोधतात.