जैसलमेरचं ज्ञानभांडार: 'खास दर्शना'चे पैसे देऊ नका

१२०० रुपये. किल्ल्याच्या पायथ्याशी भेटलेल्या गाइडने 'ज्ञानभांडाराचं', म्हणजे किल्ल्यातल्या जैन मंदिराखालच्या जुन्या पोथ्यांच्या संग्रहाचं, 'खास दर्शन' म्हणून एवढे घेतले. वर मंदिरात गेल्यावर कळलं की साध्या तिकिटावर सगळ्यांना तेवढंच दिसतं. मला अजून चीड येते. त्याने हजारो पोथ्या दाखवतो म्हणून सांगितलं होतं. संभवनाथ मंदिराखाली वाकून उतरलं की काचेआड मोजकीच पानं. बाकीचं बंद आहे आणि ते बंदच असावं. जैन आचार्य जिनभद्रसूरींनी १५व्या शतकात हे भांडार उभारलं. कोरड्या हवेने आणि खालच्या अंधारानेच ताडपत्रं टिकवली. १०६० सालची ओघनिर्युक्ती या जैन ग्रंथाची सचित्र प्रत इथलीच.

जैन नसलेल्यांना मंदिरं साधारण दुपारपर्यंतच खुली असतात, भांडार त्याहूनही कमी वेळ. वेळ आदल्या दिवशी मंदिरातच विचारा, हॉटेलवाल्याला नको. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवर ठेवा. अखई पोळ या किल्ल्याच्या दरवाजापासूनचा चढ लहान आहे, पण फरसबंदी झिजून गुळगुळीत झालीय. माझा पाय दोनदा सटकला. चपला नको, पकड असलेले बूट घाला. आणि जोधपूरहून रात्रीच्या गाडीने येऊन तसेच वर चढू नका. मी जानेवारीत स्लीपरमध्ये रात्रभर कुडकुडत आलो आणि भांडारात पहिली पंधरा मिनिटं डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.

मग दिसलं. कल्पसूत्राचं, म्हणजे तीर्थंकरांची चरित्रं सांगणाऱ्या जैन ग्रंथाचं, एक पान: लाल पार्श्वभूमी, सोनं, लाजवर्दी निळा, आणि बाजूने काढलेल्या चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला दुसरा डोळा. लेखनिक मजकूर लिहिताना चौकोन कोरा सोडायचा, चित्रकार नंतर भरायचा. १४व्या शतकात कागद रुळला, तरी पानं ताडपत्रासारखी लांबटच राहिली. दोरा ओवायच्या भोकाच्या जागी नुसता रंगीत ठिपका उरला. खर्च व्यापारी करायचे. पोथी लिहवून साधूंना देणं हे पुण्य, म्हणून पोथीच्या शेवटच्या नोंदीत, म्हणजे पुष्पिकेत, दात्याच्या घराण्याची नावं. पर्युषणात कल्पसूत्र वाचताना महावीरांची आई त्रिशला हिच्या चौदा स्वप्नांची चित्रं श्रावकांना दाखवतात. हे आधी माहीत असेल तरच तिथल्या थोड्या वेळात काही हाती लागतं.

नुसती चित्रंच बघायची असतील तर अहमदाबादचं लालभाई दलपतभाई संग्रहालय कितीतरी बरं. तिथे निवांत उभं राहता येतं. मुंबईकरांनी आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कल्पसूत्राची पानं बघून घ्यावीत.